घासून न निघणारी बाटली

"चार बजे तक चमका तो ठीक, वरना प्रोजेक्ट क्लोज," बॉस म्हणाले. तेव्हा अडीच वाजले होते.

महादेवपुऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये सहा महिने खपून मी एक डाय बनवला होता, म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग. पण हा पठ्ठ्या चमकेल तर शपथ! माझं पहिलंच स्वतंत्र काम, आणि दिव्याखाली ठार अंधार. रडायचीच बाकी होते.

नेहमीचे डाय दाटीत मंद होतात. चपटे रेणू एकमेकांना चिकटून उजेड मारून टाकतात. म्हणून आम्हा केमिस्ट लोकांची सवय एकच: चमकलं नाही की सॅम्पल पातळ करा. मी सॉल्व्हंट, म्हणजे डाय ज्यात विरघळतो तो द्रव, ओतत सुटले. दहापट, शंभरपट. काही नाही! पाणी वर्ज्य, कारण त्यात हा विरघळतच नाही.

तेवढ्यात सिंकपाशी रुक्माक्का कडाडल्या. त्या आमचं काचसामान धुतात आणि डाग राहिलाय का ते यूव्ही दिव्याखाली धरून बघतात. चिकपेटच्या, पिढ्यान् पिढ्या इथल्याच मराठी, त्यामुळे बोलण्यात मधूनच कन्नड.

"मॅडम, स्वल्प इकडं या! ही बाटली निघत नाही."

"घासा की अक्का आणखी."

"महिनाभर घासतेय! पाणी घातलं की मेली जास्तच चमकते."

मी धावलेच. अक्कांनी बाटली दिव्याखाली धरलेली: तळाशी माझा उरलेला डाय, वर नळाचं पाणी, आणि हिरवागार उजेड! मी अक्कांना ओल्या हातांसकट मिठी मारली.

गंमत अशी की माझ्या रेणूला पंख्यासारखी पाती आहेत. सॉल्व्हंटमध्ये तो एकटा, ऐसपैस. पाती फिरत राहतात आणि सगळी ऊर्जा त्यातच जाते. पाण्यात विरघळता येत नाही, म्हणून रेणू घोळका करतात. पाती वाकडी, त्यामुळे चपट्यांसारखे चिकटत नाहीत, पण फिरायलाही जागा उरत नाही. मग ऊर्जा जाणार कुठे? उजेड होऊन बाहेर!

चार वाजता बॉससमोर मी सॅम्पलमध्ये चक्क नळाचं पाणी ओतलं.

"अरे! फिर से!" ते खुर्चीतून उठलेच. सात वेळा ओतायला लावलं. प्रोजेक्ट वाचला.

"ये आयडिया किसका?"

मी अक्कांकडे बोट दाखवलं.

"आयडिया कसली सर? मी तक्रार करत होते. ह्या घासा म्हणत होत्या."

तेव्हापासून माझ्या लॅब नोटबुकमध्ये एक रकाना वाढलाय: अक्कांची तक्रार.