खालीची जागा

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. विश्वास होता, म्हणूनच राग होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. उल्हासनगरच्या बाजारात फुटपाथवर कटपीस विकून, कुणाचा आधार न घेता, मी अंबरनाथला स्वतःचं कापडाचं दुकान उभं केलं होतं. जरा स्थिरावतोय तोच बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय महिनाभरात हलू लागले, वाचा मात्र गेली ती गेलीच. आमच्या भजनी मंडळात तिच्यासारखा गळा दुसरा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "तिला गाणं ऐकवत राहा. बोलणं अडतं तिथे कधी कधी गाणं वाट काढतं."

मंडळाच्या भजनांना पूर्वी चाली मीच लावत असे. पण मंडळ सोडून मला सहा वर्षं झाली होती. आमचे तबलजी तात्या वयाने वडील. त्यांनी एकदा माझी नवी चाल सगळ्यांसमोर मध्येच थांबवली. तालात एका मात्रेवर टाळी न देता हात नुसता बाजूला करतात, तिला खाली म्हणतात. तात्या म्हणाले, "शेठ, खाली म्हणजे रिकामी गोणी नव्हे. तिथेही माल भरतोस होय रे? देवाला बसायला थोडी जागा ठेव की!" सगळे हसले. बायकोही हसली. मी पेटी उचलून निघून आलो. ज्याने उभ्या आयुष्यात वीतभर कापड वाया जाऊ दिलं नाही, त्याला जागा रिकामी ठेव म्हणणं हा मला अपमानच वाटला होता.

बायकोसाठी मी नवी चाल बांधली. शब्द साधे, माझेच: "तुझ्या दारी आले, शंभो." रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी पेटी घेऊन तिच्यासमोर बसे. ओळीमागून ओळ, दोन ओळींच्या मध्ये पेटीचे तुकडे, कुठे फट म्हणून नाही. वाटे, इतकं गाईन की देवाला उठावंच लागेल. देवाशीही मी सौदाच करत होतो. तिचे ओठ हलत, डोळे भरून येत, आवाज मात्र येत नसे. मग मी आणखी जोरात गाई. एकदा तर ओरडलोच, "अगं, म्हण ना!" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. मी शिवमंदिरात गेलो आणि पिंडीसमोर उभा राहून मनातल्या मनात भांडून आलो.

त्याच आठवड्यात पेटी फुसफुसू लागली. उल्हासनगरात पेट्या दुरुस्त करणारा एक म्हातारा सिंधी कारागीर होता. तो म्हणे, पेटी ठेवून जा, आठ दिवस लागतील. मी हटून बसलो. काम घरी येऊन, माझ्यासमोर व्हायला हवं. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी त्याने हात जोडले. "साईं, आप जीते. आदमी हो कि वकील? कल आता हूँ."

दुसऱ्या दिवशी तो आला. पेटी उघडून भात्याला नवं चामडं लावलं, धूळ झाडली आणि म्हणाला, "बजाओ." मी चाल सुरू केली. बायको कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. "तुझ्या दारी आले" एवढं होतंय तोच त्याने हात वर केला.

"चुप! हवा सुनने दो. कहीं से निकल रही है."

माझ्या घरात मला चूप म्हणतो! माझी बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली, शिवी अगदी ओठांवर आली होती. त्याने पेटीला कान लावला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. तेवढ्यात कॉटवर कुणीतरी खोल श्वास घेतला आणि खरखरीत, पण स्पष्ट आवाजात शब्द आला, "शंभो."

कारागिराला काही ठाऊक नव्हतं. त्याने मानही वर केली नाही. "माताजी का सुर ठीक है," तो म्हणाला, "पेटी अभी गड़बड़ है." बायको हसली. मी तसाच, पेटीवर हात ठेवून, रडत राहिलो.

इतके दिवस मला वाटत होतं की मी तिच्यासाठी गातोय. खरं म्हणजे मी तिच्या वाटेत उभा होतो. देवाला हाका मारून मारून त्याला उत्तर द्यायलाही उसंत दिली नव्हती. ती चाल मी पुन्हा बांधली. प्रत्येक ओळीनंतर तालाचं अख्खं एक आवर्तन मोकळं ठेवलं. सुरुवातीला बोटं इतकी शिवशिवत, की ती जागा आली की मी हात मांडीखाली दाबून बसे. कधी त्या जागेत तिचा शब्द येई, कधी नुसताच श्वास, कधी तोही नाही. जे येईल ते घ्यायचं, हे शिकायला मला चाली बांधण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले. पुढे तात्यांनाही मी घरी बोलावलं. चारचौघांत त्यांनी तसं बोलायला नको होतं, हे माझं म्हणणं अजून आहे. पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

कारागीर देवाने धाडला होता की माझ्या हट्टाने आणला होता, याचा वाद मी घालत नाही. दोघांचेही उपकार मानतो. बायको आता थोडं बोलते, अडखळत. तिचा शब्द अडला की तो माझ्या जिभेवर तयार असतो. मी तो गिळतो आणि तिच्याकडे बघत थांबतो. रोज देवापुढे मागणं एकच असतं, तेवढं थांबायचं बळ दे.