पेद्दम्मा आणि बिननावाची पुडी

बिडी कारखान्यात छाट बिड्यांचा ढीग माल तपासणाऱ्या चेकरच्या डाव्या हाताला असायचा. जुडी सोडून तो बिड्या बोटांनी चाळायचा आणि पसंत न पडलेली बिडी तिकडे भिरकावायचा. घरी बिड्या वळून आणणाऱ्या आम्ही बायका खिडकीपुढे मान खाली घालून उभ्या राहायचो. पेद्दम्मा मात्र खिडकीतून हात आत घालून ती बिडी परत उचलायची, त्याच्या नाकापुढे धरायची आणि म्हणायची, "का छाट? दाव."

त्याला दाखवावंच लागायचं. कधी तोंड नीट मुडपलेलं नसायचं, कधी पान चिरलेलं असायचं. मग ती म्हणायची, "हां, ही खरी छाट. टाक." दोष सापडला नाही तर बिडी जुडीत परत घालायला लावायची. मागची रांग खोळंबायची. कुणी कुरकुरलं तर वळून म्हणायची, "उद्या तुझी टाकंल, तवा मलाच हाक मारशील की."

तेलुगूत मोठ्या मावशीला पेद्दम्मा म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारच्या खोलीत ती एकटी राहायची. नवरा कापडाच्या मागावर कामाला होता, तो वारला होता. मुलगी सासरी. घर तेलुगू, पण भांडायची मराठीत. "तेलुगूत भांडलं तर चेकरला कळंल कसं?" म्हणायची. मी तेव्हा नवी सून होते. चौथी शिकलेली, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. माझ्या छाट बिड्यांसाठीही तीच भांडायची आणि वर मलाच बोलायची, "बिड्डा, तुझ्या तोंडाला दोरा कुणी बांधला गं?" बिड्डा म्हणजे लेकरू.

तिची बोटं सांध्यांत सुजायची. सकाळी मूठ मिटायची नाही. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची आणि बोटांनाच दम द्यायची, "ऊठ, मालकीण मी हाय." अर्ध्या तासाने कात्री धरता यायची. पानावर पत्र्याचं माप ठेवून त्याच्या कडेने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं, सगळं बोटांचं काम. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी दुखणं मनगटापर्यंत गेलं. तेव्हा तिने चौकातल्या डॉक्टरची पुडी सुरू केली.

कागदात बांधलेली पांढरी भुकटी, दिवसाला एक. तिसऱ्या दिवशी पेद्दम्माने माझ्या दारात येऊन फटाफट टाळ्या वाजवून दाखवल्या. दुखत नव्हतं. भूक लागू लागली, चेहरा गोल झाला. बायका म्हणायच्या, पेद्दम्माने बाळसं धरलं. तीही गल्लीभर पुडीचं कौतुक सांगत फिरायची. प्रत्येक बिडीचा हिशेब मागणाऱ्या या बाईने तीन वर्षं ती पुडी गिळली आणि तिच्यात काय आहे, ते एकदाही विचारलं नाही.

मग तिची डावीकडची नजर बिघडली. डावीकडून येणारी सायकल तिला दिसायची नाही. कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायची. पान कापताना कात्री मापाची कड सोडून जायची. एक दिवस चेकरने तिच्या बऱ्याच बिड्या टाकल्या. आम्ही वाट पाहिली. पेद्दम्माने एक उचलली, डोळ्याजवळ नेली, लांब धरली आणि मुकाट्याने खाली ठेवली. घरी येताना ती म्हणाली, "बिड्डा, मला ती नीट दिसलीच न्हाय. न दिसल्यावर भांडू कशी?"

मोठ्या दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेले, पाट्या वाचायला म्हणून. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला उताणं निजवून, डोळा बधिर करून, त्यावर छोटं यंत्र टेकवलं आणि दाब मोजला. म्हणाले, "आजी, काचबिंदू आहे. दाब फार वाढलाय. दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"अंगदुखीची पुडी."

"काय असतं तिच्यात?"

पेद्दम्माने माझ्याकडे बघितलं. मलाही ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "माझा संशय खरा असेल, तर त्या औषधानेच दाब चढलाय. थेंब देतो. पण पुडीचं नाव कळल्याशिवाय पुढं काही ठरवता येणार नाही. नाव घेऊन या. आणि तोवर पुडी एकदम बंद करू नका, त्रास होईल."

शेवटचं वाक्य तिने ऐकलं, पण मानलं नाही. घरी येताच उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणाले ना?" तर म्हणाली, "छाट कळली की टाकायची. छाटीला मुदत देतात का कुठं?"

चौथ्या दिवशी ती उठलीच नाही. पाण्याचा घोटही उलटत होता, हात आकसून छातीशी आले होते, उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटलं, गेली ही. टांगा करून जवळच्या त्याच चौकातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बघितलं आणि लगेच पुडी पुढे केली. "कुणी सांगितलं होतं बंद करायला? ही घे आधी."

पेद्दम्मा स्टुलावर बसली होती. बसली कसली, मी धरलं होतं म्हणून टिकली होती. ती म्हणाली, "काय हाय हेच्यात? दाव."

"घे गं म्हातारे. नाव कळून काय करणार तू? इंग्रजी येतं का तुला?"

"मला न्हाय येत. हिला येतंय."

मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर हसला. पेद्दम्माने ओठ गच्च मिटले आणि पुडीचा हात बाजूला सारला. ज्या औषधावाचून जीव जात होता, ते समोर होतं आणि ती घेत नव्हती. बाकावरच्या बायका उठून जवळ आल्या. एक म्हणाली, "डॉक्टर, मलाबी हीच देता का वो?" दुसरी म्हणाली, "सांगा की. नाव सांगायला काय झालं?" डॉक्टर चिडून काहीतरी बोलला, पण कंपाउंडरने मान खाली घालून गोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला. याच गोळ्या कुटून पुड्या बांधत होते.

माझ्या कमरेला बिडीच्या लेबलांचा जुडगा होता. एका लेबलाच्या कोऱ्या बाजूवर मी टेबलावरच्या पेन्सिलीने डब्यावरची अक्षरं उतरवली, जशी रांगोळी बघून काढतात तशी. पहिलं पोट पुढं काढून उभं होतं. पुढची काही वाकडी, काही सरळ. एकही सोडलं नाही. झाल्यावर मी मान हलवली. तेव्हा पेद्दम्माने तोंड उघडलं आणि पुडी घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते लेबल एकदा बघितलं आणि म्हणाले, "स्टिरॉइड. बरोबर लिहून आणलंय." माझं कुणी एवढं कौतुक पूर्वी केलं नव्हतं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. सूज उतरते ती याच औषधाने, डोळ्याचा दाब चढतो तोही यानेच. गेलेली नजर परत येणार नाही, राहिली आहे ती राखायची. औषध कमी करत आणायचं, थोडं थोडं, महिनोन्‌महिने. हात पुन्हा दुखतील.

"म्हणजे हात घ्या न्हायतर डोळा घ्या, असं?" पेद्दम्मा म्हणाली. "मी न्हाय निवडणार. दोनी माझेच हायत. तुमी दोनी सांभाळायचं बघा, मी बी बघते."

डॉक्टरांनी तिला त्याच दवाखान्यातल्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः नेलं. दोघांनी मिळून ठरवलं. पेद्दम्मा मध्ये बसून दोघांनाही विचारत होती, "का?"

पुढचं वर्ष मी एका वहीत लिहिलं आहे. पुरी गोळी घेतली की पूर्ण गोल, मग अर्धा, मग पाव. गोळी ती पान कापायच्या कात्रीने कापायची. थेंब चार वेळा. घड्याळ नव्हतं, म्हणून गिरणीचा भोंगा झाला की ती वळायचं थांबवून मान मागे टाकायची आणि मी थेंब सोडायचे. थेंबाने कपाळ ठणकायचं. थंडीत बोटं परत सुजली. बायका म्हणाल्या, "घे की गं पुडी, कशाला हाल?" ती म्हणाली, "तुमी घ्या. पण आधी नाव विचारा." बिड्या निम्म्यावर आल्या. पातेल्यातलं कोमट पाणी परत आलं. "ऊठ, मालकीण मी हाय," हेही परत आलं.

डावा डोळा गेला. उजवा राहिला, बोगद्यातून बघावं तसा. आता ती छाट बिडी बोटांत फिरवून तपासायची. अंगठ्याने तोंड चाचपून चेकरला म्हणायची, "हिचं तोंड उघडं हाय, टाक. हिला काय झालंय? दाव." तो दाखवायचा.

पुढे काही वर्षांनी हिवतापाने ती गेली. शेवटपर्यंत पाव गोळी आणि चार वेळा थेंब चालू होते, आणि उजवा डोळा तिचा होता.

मागच्या महिन्यात माझा गुडघा धरला. गल्लीतल्या नव्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि कागदात बांधलेल्या गोळ्या हातावर ठेवल्या. "दोन वेळा घ्या, बाई." मला विचारायचं होतं. तोंडाला दोरा होताच. मागे माणसं खोळंबली होती, कुणीतरी खाकरलं. मी पिशवीतून तीच जुनी वही काढली, कोरं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि वर पेन ठेवला.

"काय, बाई?"

"नाव लिहा," मी म्हटलं.

मी स्टुलावरून उठले नाही. मग त्याने पेन उचलला.