घंटीआधी चपला

१५ फेब्रुवारी, रविवार. चपलांचं कपाट आवरायला काढलं आहे. चपला हातात आल्या की ऑफिसातली ती आठवतेच, आणि अजूनही डोकं तापतं.

ती आधी चपला काढायची, मग घंटी वाजवायची. आमचं काम सरकारी पाहणीसाठी घरोघर जाऊन उत्पन्न विचारायचं. फरीदाबादची एका खोलीतली बिऱ्हाडं असोत की गुरुग्रामचे टॉवर, दार उघडलं की समोर अनवाणी बाई. अशा बाईला तुम्ही तरी दारातून परत पाठवाल का? आत शिरली की तिचं ठरलेलं वाक्य, "एक गिलास पानी मिलेगा?"

"पाणी दिलं की बसा म्हणावंच लागतं गं," ती मला सांगायची. "आणि माणसं बसली की बोलतात."

मी मात्र बुटांच्या नाड्या घट्ट बांधून फिरते. दारातच प्रश्न, दारातच उत्तरं. माझी घरं तिच्यापेक्षा कितीतरी भराभर व्हायची. एखादं घर नाही म्हणालं तर यादीतलं बदली घर घ्यायचं, तसा नियमच आहे. वरच्या मजल्यांनी नकार दिला की मी खालचे मजले करायचे.

देश किती वाढला ते एका आकड्यात जाहीर होतं. ती वाढ कुणाच्या घरात शिरली आणि कुणाच्या दारावरून पुढे गेली, ते आम्ही काढायचं. गेल्या फेरीत माझे तक्ते पाहून साहेब म्हणाले, "मैडम, इतनी ग्रोथ हुई और आपके गुरुग्राम में एक भी अमीर नहीं? सब बराबर?"

सगळं सेक्शन हसलं. ती हसली नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

मग मला नकार दिलेल्या एका घरी साहेबांनी तिला पाठवलं. अगदी वरचा मजला. दार उघडलं. मात्र ती आत असताना सोसायटीच्या सफाईवाल्यांनी तिच्या झिजलेल्या चपला कचरा समजून उचलून नेल्या. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती ऑफिसात आली ती घरमालकिणीच्या मखमली सपाता घालून. दुसऱ्या दिवशी त्या परत करायला गेली, आणि विचारायचं राहिलेलं दुकानांच्या भाड्याचं उत्पन्नही घेऊन आली. त्या एका घरानं माझा सपाट तक्ता ताडकन उभा राहिला. सेक्शनचा चार्ज तिला मिळाला. त्या खुर्चीची वाट मी केस पांढरे होईतो पाहिली होती.

परवा ती बढतीवर पुण्याला गेली. समोसे झाले, हार झाले. निघताना मला म्हणाली, "तो वरचा मजला पुन्हा यादीत आलाय. बाई चांगल्या आहेत. फक्त तुझ्या त्या नाड्या..."

"माझ्या नाड्यांचं मी बघेन."

"बरं," म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

साहेबांनी मला सांगितलंय, "फिलहाल चार्ज आप देख लीजिए." ते 'फिलहाल' बुटातल्या खड्यासारखं टोचतंय. त्या घराऐवजी पुन्हा बदली घर आणलं, तर माझा चार्ज तिथेच संपेल हे मला कळतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रो धरली. गुरुग्रामला वरच्या मजल्यावर पोचले. कॉरिडॉरमध्ये कुणी नाही हे पाहून खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट भिंतीला लावून ठेवले. मोज्यांतूनही संगमरवर गार लागत होता. मग घंटी वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"वो पिछली बार वाली मैडम नहीं आईं?"

"उनका ट्रांसफर हो गया," मी म्हटलं. "एक गिलास पानी मिलेगा?"

त्या दारातून बाजूला झाल्या.