गंजावरचा रंग

सोसायटीच्या पूजेसाठी काल सेक्रेटरी काकांनी गच्चीचा कठडा रंगवून घेतला. गंज न खरवडताच त्यावर चकचकीत निळा रंग फासला. मी धीर करून विचारलं, "काका, आधी घासायला नको का?"

सेक्रेटरी काका हसले. "इंजिनियरबाई, आता दिसतोय का कुठे गंज?"

मी संतापले, आणि नेहमीसारखी गप्प बसले. गंजाच्या पापुद्र्यांत ओल धरून राहते. वरून रंग दिला तरी आत लोखंड झिजतच जातं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण आपल्याकडे नजरेआड झालं, की ते दुरुस्त झालं असंच धरतात!

आज मुलं त्याच कठड्यावर ओणवी होऊन खालचा मांडव बघत होती.

"मागे व्हा!" मी एवढ्या जोरात ओरडले, की मांडवातून काकांनी वर पाहिलं.

पाहू देत.