जिजाबाईंना दोन्ही कार्डं नको होती

दिवाळी झाली की पौर्णिमा थूल स्कूटी काढायची आणि सिंदी रेल्वेजवळच्या एका गावात, नेमक्या त्याच बेचाळीस घरी जायची. वर्षभरात कोण आजारी पडलं, कुठल्या दवाखान्यात गेलं, कोणत्या वाहनाने गेलं, हे विचारून टॅबलेटवर भरायचं. काम नागपूरच्या एका संशोधन संस्थेचं. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, रेशनवाली आली. पुढे पुढे तर आधी चहा, मग प्रश्न.

पाचव्या वर्षी संस्थेने दोन चित्रांची कार्डं दिली. एकावर बस, तिकीट कमी पण वेळ ठरलेली. दुसऱ्यावर ऑटो, भाडं जास्त पण केव्हाही. दवाखान्यात जायला यातलं एक निवडायचं.

बीपीचा त्रास असलेल्या जिजाबाईंनी दोन्ही कार्डं परत केली. "मले दोन्ही नाई पायजे."

"काऊन मावशी?"

"लेक घरी होती तवा दर महिन्याले जात होती मी. तिचं लगन झालं. आता सोबत कोन येते? सुनेले नेलं त तिचा दिवस बुडते. तिथल्या लायनी मले एकटीले समजत नाई."

टॅबलेट पुढे सरकेना. उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. सकाळीच दोन घरी बायका अशाच अडल्या, तेव्हा पौर्णिमाने आपल्या मनाने 'बस' दाबून मोकळं केलं होतं. जिजाबाईंसमोर मात्र तिचं बोट उचलेना. तिने वही काढली आणि त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं.

संध्याकाळी तिने संस्थेच्या सुरभी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, सकाळच्या दोन घरांसकट. नोकरी जाणार, असंच तिने धरलं होतं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "त्या नोंदी दुरुस्त करा. आणि असं आणखी कोण म्हणतं ते बघा."

पौर्णिमा पुन्हा सगळी घरं फिरली. असं म्हणणाऱ्या अकरा बायका निघाल्या.

पुढच्याच आठवड्यात मॅडम आल्या आणि जिजाबाईंच्या छपरीत लॅपटॉप उघडून बसल्या. "शेजारच्या देवकाबाई दवाखान्यात जातात, जिजाबाई जात नाहीत, एवढ्यावरून काय कळणार? दोघींची घरं वेगळी, स्वभाव वेगळे. पण जिजाबाईंना जिजाबाईंशीच ताडून बघा. तीन वर्षं गेल्या, दोन वर्षं नाही. आजार तोच, तिकीट तेच. बदललं काय? लेक सासरी गेली."

दरवर्षी त्याच दारात आपल्याला का पाठवतात, हे पौर्णिमाला त्या दिवशी नीट उमगलं.

"आणि न जाणं हीपण निवडच आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण ती विचारलीच नव्हती."

पुढच्या वर्षी तिसरं कार्ड आलं, 'घरीच राहीन'. बस-ऑटोच्या कार्डांवर 'सोबत आहे' की 'नाही', हेही आलं. संस्थेच्या पाहणीतल्या साऱ्या गावांचा हिशेब झाला तेव्हा बायकांच्या निवडीत भाड्यापेक्षा सोबतीचं वजन जास्त भरलं.

ग्रामसभेत हे सांगायला पौर्णिमाच उभी राहिली.

सरपंच वासुदेवराव म्हणाले, "म्हणजे बस नाई पायजे?"

"बस पायजेच, भाऊ. पण सोबतीले मानूस पायजे."

बरीच चर्चा झाली. शेवटी तीन महिने करून पाहायचं ठरलं: दर मंगळवारी बचत गटातली एक बाई पाचजणींना घेऊन दवाखान्यात जाईल. पहिल्या मंगळवारी दोघीच आल्या. तिसऱ्याला पाचही जागा भरल्या, त्यात जिजाबाई होत्या. त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तीन महिने संपल्यावर ग्रामसभेने आणखी वर्षभर हो म्हटलं.

यंदाचे प्रश्न लिहायची बैठक नागपूरला झाली. मॅडमनी पौर्णिमाला बोलावून घेतलं आणि टेबलाशी, आपल्या शेजारची खुर्ची दिली.