मांडणीमागची भिंत

विठ्ठलवाडीच्या चांगदेव पेंटरला माणसं चेहऱ्यावरून आठवत नसत, भिंतींवरून आठवत. रस्त्यात कुणी हाक मारली की तो आधी डोकं खाजवी आणि मग एकदम खुलून म्हणे, "हां, टिटवाळा! तिसरा माळा, बेडरूम फिका निळा, खिडकीखाली ओल होती!" ओल होती की नव्हती हे घरमालकही विसरलेला असे. तीस वर्षं त्याने ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लोकांची घरं रंगवली, आणि कुणाच्या भिंतीवर काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं.

स्वतःच्या घरासाठी मात्र या गृहस्थाने कधी रंग निवडला नाही. कामावर उरलेला रंग तो डब्यांतून घरी आणी. दिवाळी आली की सगळे डबे एका बादलीत ओतायचे, काठीने ढवळायचे आणि जे तयार होईल ते आपल्या दोन खोल्यांना फासायचं. दर खेपेला डबे वेगळे, पण शेवटी रंग व्हायचा तोच, धुतलेल्या गोणपाटाचा.

त्याची बायको सुमती म्हणायची, "अहो, एकदा तरी दुकानातून आणा की. माझ्या पसंतीचा."

"अगं, पेंटरच्या घरी भिंती बघायला कोण येतंय? पुढच्या दिवाळीला बघू."

सुमती दिवसभर त्याच भिंतींत असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रंगकाम निघालं की ती एवढंच म्हणायची, "स्वयंपाकघरातली मांडणी हलवू नका. तिच्या मागे कोण बघतंय?" आणि चांगदेव खूश व्हायचा, तेवढंच काम वाचलं म्हणून.

गेल्या श्रावणात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सुमती गेली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि चांगदेव पहिल्यांदाच आपल्या घरात नुसता बसून राहिला. समोरच्या भिंतीची त्याला लाज वाटली. वर्षश्राद्धाच्या आत घराला सुमतीच्या पसंतीचा रंग द्यायचा, असं त्याने ठरवलं. पण तिच्या पसंतीचा म्हणजे कोणता? कधीतरी, कुठेतरी तिने सांगितला होता, एवढं नक्की. तो शेड कार्ड घेऊन बसला. प्रत्येक चौकोनात कुणाचा ना कुणाचा हॉल दिसत होता, कुणाचं किचन दिसत होतं. सुमती कुठेच नव्हती.

शेवटी शहाडला मुलीला फोन लावला. "समीक्षा, आईला कुठला रंग आवडायचा गं?"

"पोपटी असेल बाबा. साड्या होत्या ना तिच्या." मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत नाही?"

"आहे गं. खात्री करून घेतली."

फिका पोपटी आला, दुकानातून, सीलबंद. चांगदेवने बाहेरची खोली घासली, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि पोपटीचे दोन हात दिले. दुसरा हात संपल्यावर तो तशाच रंगाने ओल्या हातांनी, फडकं धरून, स्वयंपाकघरातली मांडणी उतरवायला गेला.

मांडणीमागे, त्या गोणपाटी भिंतीवर, वीतभर रुंदीचा एक चौकोन होता. कांद्याच्या आतल्या सालीसारखा फिका गुलाबी. कडा सरळ, ब्रशचा एक ओरखडा नाही. कुणीतरी आधी पॉलिश पेपरने घासून, मग नीट दोन हात दिलेले. घरात दुसरं कोण होतं?

रंग त्याने बघताक्षणी ओळखला. डोंबिवली, क्षिप्रा मॅडम, हॉलची समोरची भिंत. सात वर्षांपूर्वी त्यांच्या वास्तुशांतीला दोघांना बोलावणं होतं. सुमतीने नवऱ्याचं काम तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती त्या भिंतीपाशी गेली, तळवा टेकवला आणि वळून म्हणाली, "अहो, हा. असा." आणि चांगदेव चारचौघांत खेकसला होता, "हात लावू नकोस, डाग पडेल!"

त्या कामाचा उरलेला डबा नेहमीसारखाच घरी आला होता आणि बादलीत गेला होता. त्याआधी सुमतीने त्यातला वाटीभर रंग काढून ठेवला असणार. त्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकांना चांगदेवने ऐटीत विचारलं होतं, "क्षिप्रा मॅडमच्या हॉलसारखा देऊ का?" म्हणजे तो विसरला काहीच नव्हता. फक्त बायकोचा रंग त्याने दुसऱ्याच बाईच्या नावाने लक्षात ठेवला होता.

तो तिथेच खाली बसला आणि रडला. बाहेर पोपटी वाळत होता. मग उठून त्याने त्या चौकोनावर टेकवायला तळवा पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. हाताला रंग होता. डाग पडला असता.