शेवटी उरलेले दोन पर्याय

माझ्या धाकट्या बहिणीला गणित येत होतं, घाई येत नव्हती. पोलीस भरतीच्या सराव पेपरात ती एकेक उदाहरण पायरीपायरीनं सोडवायची आणि वेळ संपली तरी वीसेक प्रश्न कोरेच असायचे. ही तिची शेवटची भरती, पुढच्या वेळी वय बसणार नव्हतं. मैदानी चाचणी तिनं मारली होती. सारं गाडं लेखीवर अडलं होतं.

मी वसमतला शिकवणी घेते. तेव्हा ही खोड मीच मोडायला घेतली. तीनशे अठ्ठ्याण्णव गुणिले एक्कावन्न मांडत कशाला बसायचं? चारशे गुणिले पन्नास, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. शेवटचा अंक आठ. चारातले तीन पर्याय तिथंच बाद होतात.

तिला ही लबाडी वाटायची. "ताई, न सोडवता गोल कसा काळा करू?"

मी भडकायचे. "उत्तर खरं वाटतं का बग. घरी काय होतं ते आठव. काहून एवढी भितीस?"

महिन्याभरात तिचा पेपर वेळेत होऊ लागला. मला माझंच फार कौतुक वाटलं.

परीक्षेहून ती हसतच आली. "एक प्रश्न तर आपल्या घरचाच व्हता." शंभर किलो ओली हळद, तिच्यात नव्वद टक्के पाणी. वाळल्यावर वीस टक्के पाणी उरलं, तर वजन किती? "सत्तर अन् तीस लगेच उडवले. राहिले साडेबारा अन् वीस. साडेबारा कुणाची पडती गं? आपली पाचाला एक पडती. मी वीस केलं."

मी मनातच मांडलं. पाणी सोडून ऐवज दहा किलो, तोच वाळल्यावर ऐंशी टक्के. उत्तर साडेबारा. प्रश्न काढणाऱ्यानं हळद कधी वाळवली नसेल, पण त्याचं गणित चोख होतं. एका मार्कानं काय होतंय, म्हणून मी गप्प बसले.

ती एका मार्कानं राहिली.

उत्तरं जाहीर झाल्यावर तिलाही कळलं होतं. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे आमची हळद निघाली. ओली वीस क्विंटल होती. शिजवून, वाळवून वडिलांनी काट्यावर घातली, ती चार क्विंटल भरली. बहीण काट्याशीच उभी होती. आकडा बघून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बग ताई," ती म्हणाली, "बराबर व्हतं माझं."